पाव फेरा सैल

डावीकडे ओढतोय.
सरळ जा म्हटलं की चार फरश्या सरळ,
पाचवीवर मान वाकडी, आणि मग थेट
उरकुडे सरांच्या टेबलाच्या पायाकडे,
जसं काही तिथे त्याचं काम आहे.

एप्रिलची रात्र. वर्कशॉपच्या पत्र्याला हात लावला
तर अजून दुपार हाताला लागते.
कूलर नुसती गरम हवा फिरवतो, पंप शनिवारपासून बंद,
आणि मी, इंदोऱ्यातल्या कूलरवाल्याची पोरगी,
म्हणते, त्याच्याकडे बघायला वेळ कुठाय.

फैझानने बॅटरी बदलली. मग वायरी.
मग डावी मोटार उजवीकडे, उजवी डावीकडे:
दोष मोटारीत असता तर तिच्यासोबत निघून गेला असता.
गेला नाही. होता तिथेच बसून राहिला.
सुगत म्हणाला, कोड बरोबर आहे.
सुगतचा कोड नेहमीच बरोबर असतो.

रोबो उचलून चार विटांवर ठेवला.
उजवं चाक बोटाने ढकललं: सात फेरे,
आठव्यात थोडं रेंगाळून थांबलं.
डावं: दीड. आणि गप्प.
चेन उतरवली. दीड.
मोटार काढली. दीड.
संशय घ्यायला उरला एकटा गिअरबॉक्स,
मुठीएवढा, ज्याला महिनाभर आम्ही
विचारलं काहीच नव्हतं, नुसतं ग्रीस भरवलं होतं.

उघडला. ग्रीस काळं, त्यात चंदेरी चुरा,
बोटावर घेतला तर दिव्याखाली चमकणारा.
दाते मोजले, सगळे जागेवर.
बेअरिंगं कानाशी धरून फिरवली, एकही कुरकुरलं नाही.
परत जोडला. दीड.
पाऊण वाजला होता, आणि दुपारी मानकापूरला पहिली फेरी.

मग मी फोन लावला, आणि फोन गिअरबॉक्सला टेकवला.
पलीकडे बाबा, झोपेतून उठलेले,
तीस उन्हाळे पंख्यांच्या घरघरीत पिकलेला कान.
"फिरव. हं. थांब. परत फिरव."
आम्ही चौघं श्वास धरून, जसं काही डॉक्टर पाठीवर नळी ठेवतोय.
"बुश नाई गेली. शाफ्ट दबून राह्यला.
एवढं कोनं कसलं?"

मी कसलं होतं, मंगळवारी, जाता जाता.
माझ्यानंतर फैझानने, मला न सांगता.
हर्षलाने दोनदा, ती आता कबूल करते.
सरांनीसुद्धा, सहज, चहाचा कप डाव्या हातात धरून.
चार बोल्ट.
भीती वाटली की जो तो पाना उचलून
त्यांच्यापाशीच जायचा.

पाव फेरा सैल. समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन.
चाक ढकललं: पाच. बोल्ट पुन्हा किंचित.
सहा. पावणेसात.
हर्षला मोठ्याने मोजत होती, नको म्हटलं तरी.

खाली ठेवला. सरळ जा.
आणि तो उजवीकडे वळला.

कुणीच बोललं नाही. सुगत लॅपटॉपच्या आड
इतका वेळ गप्प की फैझानने वाकून पाहिलं.
"तीन आठवड्यांपूर्वी," तो म्हणाला,
"उजव्या बाजूचा वेग मी थोडा कमी केला होता.
शून्य पूर्णांक अठ्ठ्याऐंशी.
सरळ चालावा म्हणून."

म्हणजे डावं अडकत होतं,
आणि उजव्या, चांगल्या चाकाला
आम्ही दबकत चालायला शिकवलं होतं,
आणि त्याला सरळ म्हणत होतो,
गिअरबॉक्स तापेपर्यंत तसं दिसतही होतं.

सुगतने ते खोडलं. एक लिहिला.
चार फरश्या, पाच, नऊ, चौदा,
टेबलाकडे न पाहता थेट दारापर्यंत,
उंबऱ्याशी फैझानने चपलेने अडवला.

पहाटे मी कूलरची मागची जाळी काढली.
पंपात लाकडी गवताची एक काडी अडकलेली,
एवढीशी.
पाणी चढलं. सुगत खुर्चीतच झोपला होता.
बाबांना लिहिलं: सैल केलं, चालला.
उत्तर सकाळी सातला:
जेवली काय?